नकुसाच्या लेकीला तुमचं नाव

आत्या,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. तुम्ही गेलात त्याला दीड वर्ष झालं, पण मेलेल्या सासूशी खोटं बोलायला मला अजून जमत नाही. जिवंत माणसांशी जमतं. ते पुढे येईलच.

आज लिहायला बसले त्याचं कारण तुमची नकुसा. तुमची धाकटी नात, माझी तिसरी मुलगी. बाळंतपणाला इथं सोलापुरात माझ्याकडे आली आहे. तिला मुलगी झाली. रविवारी बारसं आहे, आणि तिनं हट्ट धरलाय की बाळाला आजीचं नाव ठेवायचं. आधारकार्डावरचं गोडाबाई नव्हे. ते तुम्हाला सासरी मिळालं होतं. (गोडाबाई! तुम्ही आणि गोड!) तिला तुमचं माहेरचं, जन्माचं नाव हवंय. या घरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. तुमच्या मुलालासुद्धा ठाऊक नाही. काल जेवताना तिनं यांना विचारलं तर म्हणाले, "आईला नाव असतंय व्हय? आई ती आई." आणि भाकरी मोडून शेंगाचटणीकडे वळले.

मला माहीत आहे. मला एकटीलाच.

मायलेकी आतल्या खोलीत झोपल्यात. कूलर घरघरतोय. डिंकाचे लाडू वळून परातीत गार व्हायला ठेवलेत आणि मी वही घेऊन स्वयंपाकघरात खाली बसलेय. ती उठली की पुन्हा विचारील. त्याआधी तुमच्याशी बोलून घेते.

आठवतं का, मी लग्न होऊन सांगोल्याजवळच्या तुमच्या वस्तीवर आले तो दिवस? ताटात तांदूळ पसरले होते. यांनी अंगठीनं त्यात माझं नवीन नाव लिहिलं. बायका वाकून वाकून वाचत होत्या. तुम्ही लांब उंबऱ्यावर बसून होतात. म्हणालात, "ल्हिवा काय ल्ह्यायचं ती. आमी आपलं नातेपुतेकरीणच म्हननार." आणि म्हणालात! तीस वर्षं! ते तांदूळ संध्याकाळी शिजवून सगळ्यांनी खाल्ले, त्यात माझं नावही गेलं. आमच्या नातेपुत्यात हजार बायका असतील हो. तुम्हाला एवढं मोठं गाव एका बाईला चिकटवायला जड नाही गेलं, आणि तीन अक्षरांचं नाव जड गेलं?

मेंढरांना मात्र काय हौसेनं नावं द्यायचात! चांदणी, मोरी, राणी, बांडी. अख्ख्या कळपात कुठली कुणाची लेक, कुणाची बहीण, तुम्हाला अंधारातही कळायचं. कोकरू मेलं तर दोन दिवस तोंडात घास घ्यायचा नाहीत. मी तेव्हा मेंढवाड्याच्या कुडाआडून बघायची आणि मनात म्हणायची, देवा, पुढच्या जन्मी मला या बाईची मेंढी कर.

माणूस समोर आलं की तुमचा कारखाना सुरू. त्याला काय झालंय तेवढं बघायचं, त्यावरून शब्द तयार! नवऱ्यानं सोडलेली ती टाकलेली. दुसरेपणावर आली ती आणलेली. पोटी मूल नाही ती वांझ, आणि ते तुम्ही तिच्या तोंडावर म्हणायचात, तिच्या हातात चहाचा कप देता देता. "घे गं वांझ, साखर लई पडली का बघ." ती बिचारी चहा प्यायची. साखर बरोबर आहे म्हणायची.

नकुसा पुण्याला काय शिकते हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. "भाषा शिकतीया म्हंजी? आदी मुकी व्हती व्हय?" असं विचारायचात. तर ऐका. तैवान नावाचं एक बेट आहे, समुद्रापार, लांब. त्याच्या दक्षिणेकडे सिराया नावाचे लोक. त्यांची भाषा शंभराहून जास्त वर्षं कुणाच्या घरात बोलली जात नाही. बोलणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली, संपलं. पण फार पूर्वी तिथं आलेल्या परदेशी धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रंथातला काही भाग त्या भाषेत लिहून ठेवला होता. आता त्या लोकांची पतवंडं त्या जुन्या कागदांतून शब्द वेचून काढतात आणि पोरांना शिकवतात. तुमची नात त्यावर अभ्यास करते. पोट एवढं पुढं आलं होतं तरी मांडीवर लॅपटॉप.

गेल्या महिन्यात मी लसूण सोलत होते आणि ती सांगत होती की त्या भाषेत माणसांसाठी शब्द कसे घडतात. मला कळलं ते असं. म्हणाली, "आई, आधी काम घ्यायचं. मारणं, आणणं, बोलावणं, काहीही. त्याला एक तुकडा जोडला की ते करणारा माणूस तयार होतो. दुसरा तुकडा जोडला की ज्याच्यावर ते झालं तो माणूस."

मी म्हटलं, "मग हे तर तुझ्या आजीला येत होतं. तिला कशाला पाहिजे तुझं कॉलेज?"

ती खूप हसली. मग म्हणाली, "येत होतं की. पण आजीकडं एकच तुकडा होता, आई. टाकलेली, आणलेली, सगळ्या झालेल्या. करणारी कुणीच नाही तिच्यात." आणि लॅपटॉप मिटून म्हणाली, "तिला स्वतःलाच कुणी करू दिलं नसेल गं काही."

बघा, तिथंही तुमचीच बाजू!

आता मुद्द्यावर येते. ती जन्मली तो दिवस. आधीच्या दोन्ही मुलीच. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही मेंढरांना पाला टाकत होतात. हातातला पाला टाकून झाला, हात झटकलेत, दारापर्यंत आलात. आत आला नाहीत. पोरीचं तोंड पाहिलं नाहीत. दारातूनच म्हणालात, "नको आता. नकुसा ठिवा. देवाला तरी कळंल." तिसरीचं नाव नकुसा ठेवलं की पुढचा मुलगाच होतो, ही आपल्याकडची रीत. मुलगी नको, हे देवाला कळवायचं, आणि निरोप कुणाच्या अंगावर लिहायचा, तर त्या पोरीच्याच! बाराव्या दिवशी पाळण्यात घातली, नणंदेनं कुर्रर्र करून कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. बारा दिवसांच्या कानात पहिला शब्द गेला तो हा.

मी गप्प बसले. ती चूक माझी. ती तुमच्या माथी मारत नाही.

पण पुढचं मी केलं. सहा महिन्यांनी माहेरी गेले आणि ऑपरेशन करून घेतलं. यांना आधी सांगितलं होतं. ते मान खाली घालून हो म्हणाले, आणि तुम्हाला सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही आकांडतांडव केलंत का? नाही. तुम्ही फक्त नवा शब्द केलात. 'कापून आलेली.' पाव्हणे आले की, "पानी द्या गं कुनी. त्या कापून आलेलीला सांगा." आत्या, मी कापून 'आले' नव्हते. मी कापून 'घेतलं' होतं. तीन पोरी मला पुरेशा होत्या, तिसरीसकट. तिसरीसकट! तुमच्या निरोपाला माझं ते उत्तर होतं. देवापर्यंत तुमचा पोचला, तसा माझाही पोचला असेल.

हे त्या पोरीला मी कधी सांगितलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला काय सांगणार, की तुझ्यासाठी पोट कापलं?

आणि सहाव्या वर्षीच ते झालं. ती पहिलीत गेली. हजेरी घेताना गुरुजी नकुसा म्हणाले की वर्ग खिदळायचा. एक दिवस दप्तर टाकून माझ्यासमोर उभी राहिली. "आई, मी कुनाला नको हाय?"

मी चुलीपाशी होते. बाहेर अंगणात तुम्ही लोकर निवडत बसला होतात. मी तुमच्याकडे बोट दाखवलं. होय, दाखवलं. वाटलं, जाऊ दे, विचारू दे, एकदा तरी या बाईला उत्तर देऊ दे.

ती पळत गेली आणि तुमच्या मांडीवर चढली. मी दाराआड उभी राहिले. तुमची जीभ कशी अडखळते ते मला ऐकायचं होतं.

अडखळली? कसली अडखळते! एक क्षणही लागला नाही तुम्हाला. म्हणालात, "मला न्हाय गं, नकू. तुज्या आईला नको व्हतीस. मीच म्हनलं, आसूं दे. ठिवून घेतली तुला."

आत्या! इतकी वर्षं मी हे वाक्य कुणापुढे बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

त्या दिवसापासून ती तुमची झाली. तुमच्या कुशीत झोपायची. तुमच्याबरोबर मेंढरांमागं जायची. तुम्ही नकू म्हटलंत की उड्या मारत यायची. मी नकू म्हटलं की बघायची, नुसती बघायची. दहावीच्या आधी मी शाळेत खेटे घालून, कागद करून तिचं नाव बदलून आणलं. अनघा. तिनंच निवडलं होतं. तुम्ही काय म्हणालात? "आता आठवन झाली व्हय हिला, पोरगी हाय म्हून." आणि पोरगी तुमच्याकडे बघून हसली.

मी तेव्हाच का नाही सांगितलं? विचारा की! मी स्वतःला रोज विचारते. आधी वाटलं, लहान आहे. मग वाटलं, परीक्षा आहे. मग ती पुण्याला गेली. मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. आणि खरं सांगू? मला भीती वाटली की ती विश्वास ठेवणार नाही.

चार दिवसांपूर्वी, पाच दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन, ती माझा हात धरून म्हणाली, "आई, एक बोलू? माझा तुझ्यावर काही राग नाही गं. त्या काळी सगळ्यांनाच मुलगा हवा असायचा. मला आता समजतंय."

मला माफ केलं तिनं, आत्या. तुम्ही केलेल्या गोष्टीची मला माफी मिळाली! मी काय बोलले असेन? म्हटलं, "बाळाला ढेकर काढ."

त्यानंतर लगेच तिनं तुमचं नाव मागितलं.

आता शेवटच्या दिवसांचं. तुमच्या अंगावरून वारं गेलं आणि यांनी तुम्हाला सोलापुरात आणलं. दोन वर्षं याच घरात होतात. तुमचं हगणंमुतणं मी काढलं, हे मी सांगत नाही, ते सगळ्या सुना काढतात. सांगायचं ते वेगळं आहे. तुमची मराठी हळूहळू गळायला लागली. पाणी हवं असलं की 'नीरु' म्हणायचात. मला अव्वा, म्हणजे आई, म्हणून हाक मारायचात, आणि मी मागं वळून बघायची की कोण आलंय. तेव्हा कुठं मला आठवलं की वस्तीवरच्या जुन्या बायका तुम्हाला कानडीण म्हणायच्या. तुम्ही अक्कलकोटच्या पलीकडच्या. चौदाव्या वर्षी इकडे दिलेल्या. तोंडातून कानडी शब्द निघाला की तुमची सासू उलथन्याचा चटका द्यायची, हे तुम्हीच तेव्हा दंडावरचा डाग दाखवून सांगितलंत.

मला दया आली? आली. नाही कशी येईल? पण ज्याला चटका बसलाय त्यानंच दुसऱ्यासाठी उलथनं तापवावं, हे कुठलं शहाणपण? माझी दया त्या डागापाशीच थांबली.

आणि मग ती दुपार. मी तुमचं अंग पुसत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. बोबडं, पण स्वच्छ कळेल असं म्हणालात, "माजं नाव..." आणि नाव सांगितलंत. पुन्हा एकदा सांगितलंत. म्हणालात, "अव्वानं ठिवलेलं. हितं आल्यापासनं कुनी हाक मारली न्हाय. तू मार की येकदा. नातेपुतेकरीण, मार की."

बघा, तेव्हाही नातेपुतेकरीणच!

तुम्हाला आठवतंय मी काय म्हटलं ते. "काय म्हणालात? नळ चालू आहे, ऐकू येत नाही."

नळ चालू नव्हता, आत्या. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी नळाला थेंब नव्हता, आणि ते तुम्हालाही पक्कं माहीत होतं, कारण सकाळपासून तुम्हीच पाणी कधी येणार म्हणून टुमणं लावलं होतं. तुम्ही माझं मनगट सोडलंत. माझ्याकडे बघितलंत. रडाल असं वाटलं होतं. तुम्ही मान हलवलीत, हिशेब पटल्यासारखी. एका सासूनं दुसरीला ओळखावं तशी ती मान होती, आणि मला तर सून कधी येणारच नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. मी हंडे भरून तुमच्याकडे आले तर तुम्ही गेला होतात.

पश्चात्ताप? झाला. खोटं कशाला बोलू? दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, काय राहिलं असंल म्हातारीचं, विचारा. यांनी हात जोडून सांगितलं, पोरींचं नीट करू. कावळा हलेना. तुमची नकू रडत पुढं झाली, "आजी, मी आहे ना." हलेना. मला माहीत होतं काय राहिलंय. तीन-चार अक्षरं. मी ओठ मिटून उभी राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तुम्ही मला दगड म्हणायचात ना, मी रडत नाही म्हणून? बघा, तुमच्या शब्दाला मी जागले.

आता आजचं सांगते आणि संपवते. सकाळी बाळाला तेल लावलं. पोरगी आंघोळीला गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. पायांवर आडवी घेतली होती, टाळूवर तेल जिरवत होते, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी वाकून तिच्या कानात तुमचं नाव घेतलं. एकदाच. तुम्हाला सांगते, नाव सुंदर आहे. तोंडात घेतलं की जीभ मऊ होते. बाळानं डोळे उघडले आणि मान माझ्याकडे केली. नऊ दिवसांचं लेकरू कशालाही मान करतं, मला माहीत आहे. पण मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. वाटलं, हेच ठेवावं. हिच्या कानात तुमच्या लेकीनं, नव्हे, माझ्या लेकीनं ही हाक घालावी आणि सगळं मिटावं.

मग बाथरूममधून आवाज आला, "आई, आठवलं का गं आजीनं कधी काही सांगितलेलं? आजीनंच तर मला ठेवून घेतलं होतं. तिचं एवढं तरी करू दे मला."

मी बाळाच्या कानातलं तेल पदरानं पुसलं. आणि म्हटलं, "नाही गं. मला काही बोलल्या नाहीत."

तर, तुम्ही एकदा हाक मार म्हणाला होतात. मारली. तुम्ही नव्हता, एवढंच.

आणि आता तुम्हाला वचन देते. तुमचं खोटं मी मोडणार नाही. पोरीची आजी तिच्याकडे राहू दे. नको असलेल्या मुलीला कुणीतरी मांडीवर घेतलं होतं, हे तिचं सगळ्यात मोठं सुख आहे, आणि ते काढून घ्यायला मी तुमच्याइतकी धीट नाही. मीच ती आई, जिला ती नको होती. मरेपर्यंत मीच राहीन. तिची माफी मी रोज घेईन.

पण तुमचं नाव माझ्याबरोबर जाईल. त्या सिराया लोकांना आपले शब्द कागदात सापडले, कारण कुणीतरी लिहून ठेवले होते. म्हणून या कागदात मी ते कुठंही लिहिलेलं नाही. हे पत्र उद्या पोरीच्या हाती लागू नये म्हणून जाळीनच. पण लागलंच, आणि तिनं ओळ न् ओळ चाळली, तरी तुम्ही तिला सापडणार नाही.

आत पाळणा हलतोय. ती उठली वाटतं.

तुम्हीच घडवलेली,
नातेपुतेकरीण